मेन्यूत पंधरा दारं, तरी गिऱ्हाईक बाहेरच

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे. वेबसाइट आहे, पण गूगलला सापडत नाही. आणि सापडलीच, तर आलेल्या माणसाला तिच्यात हवं ते सापडत नाही. दोन्ही दुखण्यांचं मूळ बहुधा एकच असतं, म्हणून उत्तरं एकत्र देत आहोत. पहिलं उत्तर सर्वांत लांब आहे. दुकान नसलेल्यांनीही ते वाचावं, कारण त्यातल्या गोष्टी पुढे पुन्हा सांगितलेल्या नाहीत.

म्हापशात आमचं काजू, कोकम आणि मसाल्यांचं दुकान आहे. साइटवर साधारण ऐंशी जिन्नस आणि मेन्यूत पंधरा नावं आहेत. तरी लोक फोन करून विचारतात, ‘बिनमिठाचे काजू आहेत का?’ ते तर साइटवर आहेतच! मांडणी बदलायची तर सुरुवात कुठून करावी?
— एक दुकानदार, म्हापसा

संगणक बंद करून. चाळीसेक चिठ्ठ्या करा, एका चिठ्ठीवर एक जिन्नस. ऐंशीच्या ऐंशी नकोत, माणूस कंटाळतो आणि शेवटच्या वीस चिठ्ठ्या कुठेही ढकलतो. प्रत्येक प्रकारातले थोडे थोडे घ्या. मग दुकानात येणाऱ्या दहा-पंधरा गिऱ्हाइकांना एकेकट्याने बसवा आणि सांगा, ‘एकत्र ठेवावंसं वाटतं ते एकत्र ठेवा आणि प्रत्येक ढिगाला नाव द्या.’ एवढं सांगून गप्प बसा. ‘तो मसाल्यात नाही का जाणार?’ असं तुमच्या तोंडून निघालं की प्रयोग संपला. घरच्यांना आणि दुकानातल्या मुलांना यात घेऊ नका. त्यांना फडताळं पाठ असतात.

ढीग किती होतात यापेक्षा त्यांना नावं काय पडतात, तिकडे लक्ष द्या. तुमच्या मेन्यूत ‘डब्ल्यू २४०’ आणि ‘डब्ल्यू ३२०’ असं लिहिलेलं दिसलं. व्यापारात ते बरोबरच आहे: एका पौंडात २२० ते २४० अख्खे गर बसतात तो २४०, आणि ३०० ते ३२० बसतात तो ३२०. म्हणजे आकडा लहान तितका काजू मोठा. पण पुण्याहून किंवा बेळगावहून साइटवर आलेल्या माणसाला हे ठाऊक असायचं कारण नाही. त्याला वाटतं, ३२० म्हणजे मोठा किंवा भारी. तो गोंधळतो आणि फोन उचलतो. मेन्यूत ‘अख्खे काजू’ लिहा, पानावर ‘मोठे’ आणि ‘मध्यम’ लिहा आणि ग्रेडचा आकडा त्याच ओळीत पुढे ठेवा. जाणकाराचंही अडत नाही.

कोकमाची तीच गत. इथलं गिऱ्हाईक ‘सोलां’ मागतं, घाटावरचं ‘आमसुलं’ शोधतं. पानाच्या मथळ्यात एक नाव घ्या आणि पहिल्याच वाक्यात दुसरं येऊ द्या. शोधयंत्राला फसवण्यासाठी पानाच्या तळाशी दहा नावांची रांग लावण्याची पद्धत होती. तिचा उपयोग नाही, आणि वाचणाऱ्याला ती भंगाराच्या दुकानासारखी दिसते.

ढिगांवरून पाच ते सात मुख्य गट निघतील: काजू, कोकम, मसाले, मिरच्या, गोड पदार्थ, भेटीचे डबे. मेन्यूत एवढंच. तुमच्या पंधरा नावांतली ‘आमचं ध्येय’, ‘संस्थापकांचे दोन शब्द’, ‘गॅलरी’, ‘पुरस्कार’ ही उचलून तळपट्टीत न्या. ध्येय वाचायला कुणी काजूच्या दुकानात शिरत नाही. ‘डिलिव्हरी आणि परतावा’ मात्र वर राहू द्या. पैसे देण्याआधी माणूस तेच शोधतो.

आता उलटी तपासणी. गटांची आणि उपगटांची नावं तेवढी कागदावर लिहा. चित्रं नकोत, रंग नकोत. नव्या पाच-सहा माणसांना कामं द्या: ‘माशाच्या कालवणाला रंग यावा पण तिखट होऊ नये अशी मिरची हवी. कुठे बघाल?’ निम्मे लोक ‘मसाले’वर बोट ठेवत असतील आणि तुमची मिरची ‘मिरच्या’त असेल, तर दोन्ही पानांवरून तिथे वाट द्या. वाद घालत बसू नका.

पानांच्या पत्त्यांची (यूआरएलची) रचना या गटांसारखीच ठेवा: दुकान, मग काजू, मग अख्खे खारे. प्रत्येक जिन्नसाला एकच पत्ता. इथे नेहमी चूक होते ती दोन ठिकाणी. पहिली, पाव किलो, अर्धा किलो आणि एक किलो यांची तीन वेगळी पानं होतात. मजकूर तोच, फोटो तोच, फरक वजनाचा. गूगल त्यांतलं एक स्वतःच्या मर्जीने निवडतो आणि बाकीची बाजूला ठेवतो. एक पान करा आणि वजन निवडायची सोय त्यावर द्या. दुसरी चूक, भेटीचा काजू-डबा ‘काजू’तही आणि ‘भेटीचे डबे’ यातही असावा म्हणून तो दोनदा चढवला जातो. दोन्ही गटांतून दुवे द्या, पण ते एकाच पानावर न्या. सॉफ्टवेअर दोन पत्ते बनवल्यावाचून राहतच नसेल, तर दुसऱ्या पानावर कॅनॉनिकल टॅग (मूळ पान कोणतं हे शोधयंत्राला सांगणारी कोडमधली खूण) लावून पहिल्याचा पत्ता दाखवा. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २००९ साली हा टॅग मान्य केला तो याच कामासाठी. तो हुकूम नाही, शिफारस आहे. बाकीच्या खुणा विरुद्ध असतील तर गूगल तो बाजूलाही सारतो.

प्रत्येक गटाच्या पानावर नुसते फोटो नकोत. तीन-चार वाक्यांत सांगा, या गटात काय काय आहे आणि कशासाठी काय घ्यावं: पाकळी खिरीला, तुकडा मसाल्याच्या वाटणाला, अख्खा भेटीला. ज्या प्रश्नासाठी फोन येतो त्याचं उत्तर तिथेच. ‘बिनमिठाचे’ हा शब्द तुमच्या साइटवर कुठेच नाही, सगळीकडे ‘प्लेन’ आहे. फोन का येतो ते यात आलं.

पानाच्या माथ्यावर ‘मुखपृष्ठ › काजू › अख्खे खारे’ अशी ब्रेडक्रंबची ओळ द्या. गूगलवरून येणारा माणूस मुखपृष्ठावरून येत नाही, थेट आतल्या खोलीत पडतो. आपण कुठे आहोत आणि एक पायरी वर काय आहे हे त्याला त्या ओळीवरून कळतं. जानेवारी २०२५ पासून गूगल मोबाइलवरच्या निकालांत ही वाट दाखवत नाही, डेस्कटॉपवर दाखवतो. म्हणून ती काढून टाका असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ती आधी माणसासाठी आहे.

‘प्रत्येक वस्तू तीन क्लिकांत मिळालीच पाहिजे’ या नियमाला आधार नाही. प्रत्येक पायरीवर आपण जवळ येतोय असं वाटलं तर माणूस पाच क्लिकही करतो. मात्र मुखपृष्ठापासून फार खोल पुरलेलं पान गूगलला कमी महत्त्वाचं वाटतं, हे खरं. ऐंशी वस्तूंच्या दुकानात दोन पायऱ्या पुरतात. आणि नीरा, ओला काजूगर अशा हंगामी वस्तूंची पानं हंगाम संपला म्हणून पुसू नका. ‘पुढच्या हंगामात’ असं लिहून तोच पत्ता जिवंत ठेवा. दरवर्षी नवं पान केलंत, तर दरवर्षी शून्यापासून सुरुवात.

पानांचे पत्ते देवनागरीत ठेवावेत की रोमन अक्षरांत? आमचा चवथ, शिगमो, जत्रा अशा सणांवरचा मराठी ब्लॉग आहे.
— एक वाचक, डिचोली

गूगलला दोन्ही चालतात. देवनागरी पत्त्यामुळे क्रमांक घसरत नाही. अडचण आहे ती दुसरीकडे.

युनिकोडच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. ‘काजू’ एवढ्या शब्दाची पत्त्यात ३६ अक्षरं होतात. ब्राउझरमधून तो पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांची लांबलचक माळ उमटते आणि लोकांना ती व्हायरसची लिंक वाटते.

साइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक मेख आहे. तिथे पत्त्याच्या या शेपटीला २०० अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीची जेमतेम बावीस चिन्हं. ‘चवथीच्या बाजारातली माटोळीची फळं कशी ओळखावी’ असं शीर्षक दिलंत तर पत्ता ‘चवथीच्या-बाजारातली-माटोळ’ इथे तुटतो. माटोळीची वेलांटीसुद्धा शिल्लक राहत नाही.

आमचं मत: शीर्षक मराठीत, पत्ता रोमन अक्षरांत, तीन-चार शब्दांचा, हाताने लिहिलेला. शब्दांमध्ये आडवी रेघ टाका, खालची रेघ नको. सगळी अक्षरं लहान. पत्त्यात वर्ष घालू नका, म्हणजे पुढच्या चवथीला तोच लेख दुरुस्त करून वापरता येतो. जुन्या लेखांचे पत्ते मात्र केवळ सुंदर दिसावेत म्हणून बदलू नका. का, ते वाळपईच्या पत्राच्या उत्तरात आहे.

आमच्या संस्थेच्या ग्रंथालयाची साइट आहे. वीस वर्षांची त्रैमासिकं पीडीएफ करून चढवली आहेत. गूगलवर लेखाचं नाव टाकलं तरी काही येत नाही. फाइल उघडली तर अक्षरं नीट दिसतात.
— कार्यवाह, फोंडा

एक पीडीएफ उघडा, त्यातली एक ओळ निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ उमटला, तर निदान झालं. तुमचे अंक युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेले आहेत. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असे. डोळ्याला ‘क’ दिसतो, पण फाइलच्या पोटात भलतंच अक्षर असतं. गूगल पोटातलं वाचतो. आणि चिकटवायला काही निवडताच येत नसेल, तर ती पानांची निव्वळ छायाचित्रं आहेत.

पहिल्या प्रकारात त्या त्या फाँटचा कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा. फाँटचं नेमकं नाव पीडीएफच्या ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज’मध्ये फाँट्स या भागात मिळतं. चुकीचा कन्व्हर्टर लावला की रफार आणि ऱ्हस्व इकार जागा सोडतात. ‘कार्य’ आणि ‘किती’ हे दोन शब्द तपासले तरी कळतं. दुसऱ्या प्रकारात ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेणं, करावं लागेल. छपाई स्वच्छ असेल तर मराठी ओसीआर आता बरंच बरं चालतं, पण जोडाक्षरं आणि विशेषनामं माणसाने वाचायलाच हवीत.

वीस वर्षांचं सगळं एकदम हाती घेऊ नका. आधी प्रत्येक अंकासाठी एक साधं वेबपान करा: अंकाचा महिना आणि वर्ष, मुखपृष्ठाचं चित्र, युनिकोडमध्ये टंकलेली अनुक्रमणिका (लेखाचं नाव, लेखकाचं नाव, पान) आणि खाली पीडीएफचा दुवा. एका अंकाला अर्धा तास लागतो. लेखाच्या किंवा लेखकाच्या नावाने शोधणारा तेवढ्यानेही पोचतो. सगळ्या अंकांची एक वर्षवार यादी ठेवा आणि ती मेन्यूतून दिसू द्या; नाहीतर ही पानं अनाथ राहतात, म्हणजे अस्तित्वात असतात पण कुठूनही तिथे जाता येत नाही. पूर्ण मजकूर सवडीने भरा, जास्त मागणी असलेल्या लेखांपासून.

पाळोळ्याजवळ आमचा पाच खोल्यांचा होमस्टे आहे. डिझायनरने दक्षिण गोव्यातल्या प्रत्येक गावाच्या नावाने एक अशी चाळीस पानं करून दिली. शिवाय तालुका, भाडं, सोयी असे फिल्टर. गूगलवर मात्र मुखपृष्ठाशिवाय काही येत नाही.
— होमस्टे चालवणाऱ्या एक वाचक, काणकोण

ती चाळीस पानं काढून टाका. गावाचं नाव बदललं की उरलेला मजकूर अक्षरशः तोच, आणि सगळी पानं शेवटी त्याच पाच खोल्यांकडे नेतात. गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात अशा पानांना ‘डोअरवे’ म्हणतात. ती नुसती दुर्लक्षित राहिली तर नशीब म्हणायचं.

फिल्टरचं गणितही बघा. १२ तालुके, भाड्याचे ४ टप्पे, खोलीचे ३ प्रकार आणि क्रम लावायचे ५ मार्ग: ७२० पत्ते झाले. खोल्या पाच! गूगलचा रोबो, म्हणजे पानं वाचत फिरणारा त्याचा प्रोग्राम, एकेक पत्ता उघडत बसतो आणि त्याला पुन्हा पुन्हा त्याच खोल्या दिसतात. शेकडो जागांची यादी असलेल्या साइटला फिल्टर लागतात. तिथेही लोक खरोखर शोधतात अशाच जोड्यांना स्वतंत्र पान द्यावं आणि बाकीचे पत्ते रोबोट्स फाइलमधून (कुठे शिरू नये हे रोबोला सांगणारी फाइल) अडवावेत. तुम्हाला फिल्टरच नको.

तुमची साइट सात-आठ पानांची असावी. प्रत्येक खोलीच्या फोटोंसह खोल्यांचं एक पान, हंगामाप्रमाणे भाडं, कसं यावं, आसपास, घराचे नियम, संपर्क. यांतलं ‘कसं यावं’ हे पान तुम्ही दोन ओळींत उरकलं आहे, आणि पाहुणे सर्वांत जास्त तेच विचारत असणार. दाबोळीला उतरलं तर कसं, मोपाला उतरलं तर किती जास्त लागतं, काणकोण स्टेशनवरून रिक्षा मिळते का, रात्री उशिरा गाडी आली तर काय, शेवटच्या वळणावर खूण कोणती. ‘आसपास’मध्ये आगोंद, गालजीबाग, खोतीगाव अभयारण्य यांच्याविषयी तुम्हाला स्वतःला ठाऊक असलेलं लिहा: ओहोटीला कुठवर चालत जाता येतं, पावसाळ्यात काय बंद असतं. चाळीस पानांनी जे झालं नाही ते हे एक पान करू शकतं.

गोव्यातली एक खास अडचण गावांच्या नावांची. आपण पाळोळे म्हणतो, पाटीवर पालोलेम. काणकोण आणि कानाकोना, साखळी आणि सांकेलीम, मडगाव आणि मार्गाव. मोठ्या गावांची ही रूपं गूगल जुळवून घेतो. वाड्याच्या नावाबाबत तो भरवसा धरू नका. पत्ता लिहिताना दोन्ही रूपं एकदा येऊ द्या, आणि गूगल बिझनेस प्रोफाइलवर जे स्पेलिंग आहे तेच साइटच्या तळपट्टीत ठेवा.

आम्ही निसर्ग-सहली नेतो. दोन महिन्यांपूर्वी साइट नवी केली. दिसायला छान आहे, पण विचारणा जवळजवळ थांबली. नव्या साइटला गूगल वेळ देतो म्हणतात, ते खरं का?
— सहलींचे आयोजक, वाळपई

वाट बघत बसू नका. दोन गोष्टी आजच्या आज बघा.

वर्डप्रेस असेल तर सेटिंग्जमध्ये रीडिंग उघडा. तिथे शोधयंत्रांना ही साइट नोंदवण्यापासून परावृत्त करणारी एक चौकट आहे. साइट बनत असताना तिच्यात बरोबरची खूण करतात आणि ती लोकार्पणाच्या गडबडीत तशीच राहते. या एका खुणेने साइट महिनोन्‌महिने गायब राहू शकते. बनती साइट लपवायची तर पासवर्ड लावावा, हे पुढच्या वेळेसाठी.

चौकट रिकामी असेल तर दुसरा संशय जवळजवळ खात्रीचा: पत्ते बदलले आणि जुन्यावरून नव्याकडे कुणी पाठवत नाही. दूधसागरच्या सहलीचं जुनं पान ज्या पत्त्यावर होतं तिथे आज ‘४०४’, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, येतो. त्या पानाला इतर साइट्सनी दिलेले दुवे, गूगलने त्याला दिलेलं वजन, लोकांनी जपून ठेवलेला पत्ता, सगळं हवेत.

दुरुस्ती अशी. एक तक्ता करा, डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. जुने पत्ते जमवायला सर्च कन्सोल या गूगलच्या साधनातला परफॉर्मन्स अहवाल उघडा. त्यात सोळा महिन्यांपर्यंतचा हिशेब असतो आणि एका वेळी हजार ओळी उतरवून घेता येतात. त्याच ठिकाणी लिंक्स अहवालात, बाहेरून कोणत्या पानांना दुवे आहेत ते दिसतं. जुना साइटमॅप, म्हणजे साइटच्या पत्त्यांच्या यादीची फाइल, कुठे सापडला तर तोही घ्या. आर्काइव्ह डॉट ऑर्गच्या वेबॅक मशीनमध्येही जुनी पानं पाहायला मिळतात.

मग प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर त्याच विषयाचं नवं पान लिहा आणि ‘३०१’ म्हणजे कायमचं पुनर्निर्देशन लावा. ‘३०२’ तात्पुरत्या कामाचं, ते नको. सर्वांत घातक शॉर्टकट म्हणजे सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठावर वळवणं. दूधसागर विचारत आलेल्या माणसाला मुखपृष्ठ दाखवलं तर तो परत फिरतो, आणि गूगल अशा वळणाला बहुधा हरवलेलं पानच समजतो. ज्या सहली बंद झाल्या त्यांना जोडीचं पान नसेल तर ‘४०४’ किंवा ‘४१०’ (पान कायमचं काढलं) राहू द्या. त्यात वाईट काही नाही.

साखळ्या टाळा. जुना पत्ता एका मधल्या पत्त्यावर, तो पुढे तिसऱ्यावर असं नको. पहिल्यावरून थेट शेवटच्यावर न्या. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना, अशी साइटची चारही रूपं ब्राउझरमध्ये हाताने टाइप करून बघा, चारही एकाच ठिकाणी यायला हवीत. साइटमधले स्वतःचे दुवे मात्र पुनर्निर्देशनावर सोडू नका, नव्या पत्त्यांवरच दुरुस्त करा. ही वळणं किमान एक वर्ष ठेवा असं गूगल सांगतो. आम्ही म्हणू, होस्टिंग आहे तोवर ठेवा. सर्च कन्सोलमधलं ‘चेंज ऑफ ॲड्रेस’ हे साधन डोमेनच बदललं असेल तेव्हाचं, तुमच्या कामाचं नाही.

दोन महिने उलटून गेले म्हणून उशीर झाला असं नाही. आज लावलेलं ‘३०१’ उद्यापासून वाट दाखवतं.

मराठी, कोंकणी, इंग्रजी अशा तीन भाषांत साइट करायची आहे. ब्राउझरची भाषा ओळखून आपोआप पान बदलावं का?
— एका सांस्कृतिक संस्थेसाठी, मडगाव

आपोआप काही बदलू नका. गूगलचा रोबो मुख्यतः अमेरिकेतून येतो. त्याला दर वेळी इंग्रजीवर ढकललंत तर बाकीच्या भाषा त्याला दिसणारच नाहीत. शिवाय गोव्यात फोनची भाषा इंग्रजी असलेला माणूस मराठी वाचायला आलेला असतो.

प्रत्येक भाषेला स्वतंत्र फोल्डर द्या. भाषा बदलायचं बटण त्याच विषयाच्या दुसऱ्या भाषेतल्या पानावर नेईल असं बघा. बऱ्याच साइटवर ते मुखपृष्ठावर आपटतं. बटणावर झेंडे नकोत, भाषेचं नाव तिच्याच लिपीत.

एकाच पानाची वेगवेगळ्या भाषांतली रूपं गूगलला सांगणारी खूण म्हणजे एचरेफलँग. तिच्यासाठी गूगल दोन अक्षरी भाषा-कोड मागतो. मराठीचा ‘एमआर’, इंग्रजीचा ‘ईएन’. कोंकणीला दोन अक्षरी कोडच नाही, ‘केओके’ हा तीन अक्षरी आहे. म्हणून ही खूण मराठी-इंग्रजी जोडीला लावा, दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूने लावली तर गूगल ती मोजत नाही. कोंकणी पानं डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या दुव्यांनी जोडा. पानाच्या मूळ लँग गुणधर्मात मात्र ‘केओके’ जरूर लिहा, दृष्टिहीनांच्या स्क्रीन-रीडरला ते लागतं. रोमी कोंकणीही ठेवणार असाल तर तिला पुढे लॅटिन लिपीची खूण जोडा आणि वेगळं फोल्डर द्या. एका पानावर दोन्ही लिपी कालवू नका.

बातम्यांच्या छोट्या साइटवर शेकडो टॅग आहेत. सर्च कन्सोल बऱ्याच पानांना ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणतो. दंड झाला आहे का?
— एक पत्रकार, साखळी

दंड नाही. गूगलने पान पाहिलं आणि ठेवण्याजोगं वाटलं नाही, एवढाच अर्थ. यादी उघडून बघा, त्यांत टॅगचीच पानं जास्त असतील. ‘साखळी’, ‘साखळी शहर’, ‘साखळी बातम्या’ असे तीन टॅग, प्रत्येकाखाली एक किंवा दोन बातम्या. समानार्थी टॅग एकत्र करा. पाचांहून कमी बातम्या असलेल्या टॅगांना नोइंडेक्स, म्हणजे ‘हे पान नोंदवू नका’ अशी पाटी, लावा. नोइंडेक्स लावलेलं पान रोबोट्स फाइलमध्ये अडवू नका. रोबोला आत येऊ दिलं नाही तर तो ती पाटी वाचणार कशी? साइट जुनी असेल तर प्रत्येक फोटोसाठी वर्डप्रेसने बनवलेली वेगळी पानंही तपासा. २०२३ मधल्या ६.४ आवृत्तीपासून नव्या साइटवर ती आपोआप बंद असतात, जुन्यांवर चालू राहतात.

आणि बातम्यांतले ‘येथे क्लिक करा’ बदला. म्हापशाच्या स्टँडवर कंडक्टर ‘इकडे बसा’ असं ओरडत नाही, ‘पणजी, पणजी’ असं ओरडतो. दुव्याच्या शब्दांतच ठिकाण हवं.

मेन्यूवर बोट ठेवलं तर पान उघडतं, तरी शिक्षक म्हणतात गूगलला हा मेन्यू दिसणार नाही. असं कसं?
— वेब डिझाइनचा विद्यार्थी, पेडणे

शिक्षक बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. फोनवर मेन्यूतल्या नावावर बोट दाबून धरा. ‘नव्या टॅबमध्ये उघडा’ असा पर्याय आला तर तो खरा दुवा. काहीच आलं नाही, तर तिथे ए टॅग (दुव्याचं कोड) आणि एचरेफ (त्यातला पत्ता) नाही, जावास्क्रिप्टवर चालणारं बटण आहे. गूगलचा रोबो बटणं दाबत नाही आणि खाली सरकवतही नाही; तो एचरेफमधला पत्ता उचलतो. म्हणून ‘आणखी दाखवा’ या बटणामागची यादीसुद्धा क्रमांक घातलेल्या पानांवर उपलब्ध असावी.

तीन आडव्या रेघांमागे मेन्यू झाकला म्हणून काही बिघडत नाही, दुवे कोडमध्ये असले की झालं. पण डेस्कटॉपवर दिसणारे दुवे मोबाइलवर गाळू नका: गूगल आता मोबाइलचंच रूप वाचून नोंद करतो.

साइटमॅप नसला तर चालतं का? त्यात प्रायॉरिटी किती द्यावी?
— एक वाचक, केपे

पन्नास पानांची साइट असेल आणि प्रत्येक पानाकडे आतून दुवा जात असेल तर अडत नाही. वर्डप्रेस २०२० पासून तो स्वतःच बनवतो. मोठ्या साइटला एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी ही मर्यादा आहे. प्रायॉरिटी आणि चेंजफ्रिक्वेन्सी हे दोन्ही रकाने गूगल वाचत नाही. शेवटच्या बदलाची तारीख वाचतो, पण ती खरी असेल तरच. रोज रात्री सगळ्या पानांवर आजची तारीख टाकणारे प्लगइन असतात, त्यांच्यामुळे तो रकानाही वाया जातो.